पेटीतलं काळं कापड

पंढरीनाथला कुणी संशयी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. मी संशयी न्हाय, सावध हाय, असं तो म्हणायचा. आता, मित्र हात धुवायला गेला की त्याची पिशवी चाचपून बघणाऱ्याला सावध म्हणायचं का, हे त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून निभावलं.

खारबावला खाडीच्या अंगाला त्याची पत्र्याची शेड होती. एके काळी तिथं बापाची रेतीची होडी दुरुस्त व्हायची. चौऱ्याण्णव साली त्याच शेडमध्ये पंढरीनाथ आणि वाल्मीक फिन बनवत होते. फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वाऱ्यावर सुसाट सुटायचं, असा एक खेळ आहे. त्या फळीच्या पोटाखाली माशाच्या परासारखं पातं असतं, ते फिन. ते नसलं तर फळी वाऱ्याबरोबर आडवी वाहत जाते. मुंबईचे एक निवृत्त कप्तानसाहेब हा खेळ शिकवायचे. परदेशी फिनची वाट बघून कंटाळले आणि विचारत विचारत या दोघांपर्यंत पोचले. कार्बनच्या कापडाचा एक रोल त्यांनीच बाहेरून आणून दिला. काळंभोर, रेशमासारखं चमकणारं कापड. एवढ्यात दुसरा रोल मिळणार नव्हता.

वाल्मीक मूळचा भिवंडीतला जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, सरळ करणारा. पुढे पडघ्याला एका उस्तादाच्या हाताखाली ट्रकच्या फायबर टपांचं काम शिकला. कापडाचा धागा कुठल्या बाजूनं ताण घेईल हे त्याच्या बोटांना कळायचं. तो साच्यात कापडाचे थर मांडून रेझिन, म्हणजे चिकट राळ, भरायचा आणि सुकलेलं पातं पंढरीनाथ घासून आकाराला आणायचा. बारा वर्षांची दोस्ती होती दोघांची.

पहिलं फिन झकास झालं. त्याचं बूड वाइसमध्ये आवळून टोकाला लूमची जुनी लोखंडी वजनं लटकवली, तर ते वाकलं आणि वजन काढताच सरळ झालं. कप्तानसाहेबांनी खाडीत फळी पळवून बघितली.

"अरे, ये तो मक्खन है," ते म्हणाले. "और दो बनाओ. रामनवमी के बाद के संडे को आता हूँ, भरती के टाइम. दोनों ऐसे ही निकले तो साल भर का काम तुम्हारा. नहीं तो मैं ये शौक छोड़ दूँगा."

पंढरीनाथला हे काम हवंच होतं. भाऊबंदांनी जमिनी गोदामांना दिल्या, हा एकटाच बापाची शेड धरून बसलेला. चुलतभाऊ राघो येता-जाता सांगायचा की गोदामाच्या गेटवर वॉचमनची खुर्ची रिकामी आहे. त्या खुर्चीत बसायचं म्हणजे रोज राघोला सलाम ठोकायचा. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं पंढरीनाथला मनापासून वाटायचं.

याच राघोनं काडी टाकली.

"तुझा वाल्मीक पडघ्याला दिसला. दर गुरुवारी दिसतो. फायबरवाल्याच्या गाळ्यात बसून गुलूगुलू बोलत होता."

"उस्ताद हाय त्याचा."

"आसंल की. उद्या तोच साचा पडघ्याला दिसला, तर मंग मना सांगितलं न्हाय म्हनू नको."

झालं. त्या दिवसापासून पंढरीनाथची झोप उडाली. संध्याकाळी वाल्मीक गेला की तो रोल जुन्या साडीत गुंडाळायचा, सायकलला बांधायचा आणि घरी न्यायचा. आतल्या खोलीत बापाची होडीवरची सागवानी पेटी होती, तिच्यात ठेवून कुलूप लावायचा. सकाळी वाल्मीकच्या आधी येऊन रोल पुन्हा फळीवर. बायको द्रौपदी म्हणाली, "वाल्मीकभावजींपासून लपवता काय?" तर तो तिच्यावरच खेकसला.

आणि त्यानंतर फिन फुटायला लागली.

दुसऱ्या फिनला अर्धी वजनं लटकवली, तोच कट्‌ असा आवाज आला. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटले. तिसऱ्याचंही तेच. वाल्मीक तुकडा हातात घेऊन नाकाशी नेत राहिला, बोलला काहीच नाही. तो गप्प बसला हेच पंढरीनाथला खटकलं. एरवी लूमचा खिळा हरवला तरी अर्धा तास बडबडणारा माणूस! आता रेझिन घट्ट करणारा हार्डनर तोच घालतो, थर तोच मांडतो आणि फिन फुटलं की तोच गप्प. पंढरीनाथच्या डोक्यात हिशेब जुळला. आपलं काम बुडवायचं आणि पडघ्याला उस्तादाबरोबर दुकान थाटायचं.

बुधवारी वाल्मीक हात धुवायला गेला. पंढरीनाथनं पिशवी उघडून डबा बाहेर काढला. डब्याखाली फुटक्या फिनचा तुकडा, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला.

"हे काय?" वाल्मीक परत येताच त्यानं तुकडा त्याच्यासमोर धरला.

"उस्तादाला दाखवायला नेतोय. थर का सुटतात ते विचारतो."

"का उरलेली विद्या पण विकाय नेतोस?"

वाल्मीकनं ओले हात पँटला पुसले, तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला, रिकामी पिशवी उचलली आणि गेला. डबा तसाच राहिला.

गुरुवारी पंढरीनाथनं एकट्यानं फिन भरलं. वाल्मीकला भरताना बघितलं होतं, माप पाठ होतं. शनिवारी सकाळी वजन लावलं. पहिल्याच वजनाला फुटलं. इतकं वाईट तर वाल्मीकचंही फुटलं नव्हतं. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, बोट दाखवायला जागाच उरली नाही. तो त्या तुकड्यांकडे बघत बसला आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. शेवटी रोल सायकलला बांधून त्यानं भिवंडी गाठली.

वाल्मीक दारातच बसला होता. त्यानं ये-बस केलं नाही. रोलचं टोक उलगडून हुंगलं आणि म्हणाला, "उस्ताद पण हेच म्हणाला. कापडाला तेल लागलंय. तेलावर रेझिन धरत न्हाय. काळ्या कापडावर डाग दिसत न्हाय, एवढंच."

"तेल? कुठलं तेल?"

"माशाचं. तुझ्या बापाच्या होडीचं."

दर वर्षी होडीला माशाचं तेल चोळायचे, त्याचे डबे आणि फडकी त्याच पेटीत असायची. तीस वर्षं लाकूड तेल पीत होतं. चैत्राच्या उकाड्यात ते घाम फुटल्यासारखं बाहेर येत होतं आणि साडीतून कापडात मुरत होतं.

"तुला कसं कळलं?"

"माझी आई यायची ना ते तेल चोळाय. तोच वास अंगावर घेऊन घरी यायची. मी त्या वासात मोठा झालो."

"मंग त्याच दिशी बोलला का न्हायस?"

"काय बोलू? तू रोल माझ्यापासून लपवतोस, हे मीच तुला सांगू? आणि पक्कं तरी कसं सांगणार? तेलाची पेटी तुझ्या आतल्या खोलीत, एवढं आईकडनं ऐकलेलं. बारा वर्षं तुझ्या ओटीवर चहा प्यायलो, पंढरी. आत काय हाय, मला काय ठाऊक?"

वाल्मीकच उठला. रोलचे वरचे, तेलकट वेढे त्यानं कापून टाकले, आतलं कापड कोरडं लागलं. दोन फिनपुरतं होतं. शेडमध्ये येऊन त्यानं थर मांडले. दिवसभर पत्रा तापला होता, त्या उष्णतेत रेझिन रात्रीतून घट्ट झालं. रविवारी उजाडताच पंढरीनाथनं दोन्ही पाती घासली. सगळी वजनं लावली. दोन्ही वाकली, दोन्ही सरळ झाली. भरतीच्या पाण्यावर कप्तानसाहेबांची फळी पार पलीकडच्या काठापर्यंत गेली आणि आली. वर्षभराचं काम पक्कं झालं.

साहेब गेल्यावर पंढरीनाथ वाल्मीकचा हात धरून त्याला घरी घेऊन आला. ओटीवर थांबला नाही, थेट उंबऱ्यापर्यंत गेला.

"आत ये," तो म्हणाला. "आत बसून चहा घेऊ. चुकलं माझं."

वाल्मीकनं उंबऱ्याकडे बघितलं. मग नेहमीच्या जागी, ओटीच्या कडेला बसला.

"वहिनी, चहा इथंच द्या. सवय हाय." चहा पिऊन त्यानं कप पालथा घातला. "उद्यापास्नं मी पडघ्याला. उस्तादानं बोलावलंय. पंढरी, विद्या विकाय नेतोस, असं तू म्हनालास म्हनून तर मला सुचलं."

तो गेला. पंढरीनाथ आतल्या खोलीत जाऊन पेटीवर बसला. त्या घरात तो जन्मला होता, पण माशाच्या तेलाचा वास त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आला.