तक्त्यातली बेनची ओळ

माझी लेक लीया नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. जिहादी संघटना हा तिचा विषय. सहा वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ बेन परदेशात फिरायला गेला आणि तिथल्या बाजारात अशाच एका संघटनेच्या बॉम्बने मेला, तेव्हापासून. माझा प्रश्न एकच होता: बेनच का? एवढं शिकून तेवढंही सांगता येईना, तर कसली प्रोफेसर!

शुक्रवारी दुपारी ती लंडनला, वेम्बलीतल्या माझ्या घरी आली. मी माशाच्या कालवणासाठी नारळाचं दूध काढत होते. शब्बाथचे दिवे लागले की आमच्याकडे शनिवार संध्याकाळपर्यंत काम बंद; त्याला अजून दोन तास होते, म्हणून तिने लॅपटॉप ओट्यावरच उघडला.

"आई, माझी एक मोठी मिस्टेक झाली."

त्यात हल्ल्यांचा तक्ता होता. प्रत्येक हल्ल्याच्या बातम्या दोघं जण वेगवेगळे वाचतात आणि एकमेकांना न विचारता रकाने भरतात. तक्त्यात मेलेल्यांची नावं नसतात, नुसते नंबर. लीयाबरोबर मिहीर नावाचा सहकारी होता. 'माणसं निवडून मारली का?' या रकान्यात दोघांचं एकाच ठिकाणी फाटलं होतं. तिने 'हो' लिहिलं होतं, त्याने 'नाही'.

"आपल्या बेनचं?"

"हो. मिहीरला माहीत नाही तो माझा भाऊ आहे. रूल आहे, आपलं कोणी त्यात असेल तर आधी डिक्लेअर करायचं. मी नाही केलं. आता सोमवारी रीझन द्यायचं, व्हाय आय सेड येस."

"मग दे की. चेन."

निघताना बेनच्या गळ्यात सहा टोकांच्या ताऱ्याची चेन मीच घातली होती. तो नको म्हणत होता. आपण यहुदी आहोत, त्यात लाजायचं काय, म्हणून मी हट्ट केला. तारा बघून त्याला मारलं, हे मी मनाशी धरून बसले होते. लीयाने माझंच ऐकून 'हो' लिहिलं होतं.

"आई, कोणी बघितलंच नाही त्याला. बॉम्ब सकाळीच स्टॉलच्या खाली ठेवलेला." ती हळू बोलत होती. "आमच्यात काही लोक म्हणतात, हे ग्रुप एखाद्या देशासारखे पॉवर बघून वागतात. काही म्हणतात, ते स्वतःला कोण समजतात, त्यावर सगळं. पण ह्या अटॅकबद्दल दोघं सेम बोलतात. तो मेसेज गव्हर्नमेंटला होता. मरायला तिथे कोणीपण चाललं असतं."

"कोणीपण?"

"एनीवन."

मला तिचा, तिच्या त्या थिअऱ्यांचा असा संताप आला की हातातला डाव मी सिंकमध्ये आपटला. लीया रडायला लागली. "म्हणजे तुझी चूक नाही, आई. दॅट्स गुड, ना?"

मोकळं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"मिहीरचं बरोबर आहे," मी म्हटलं. "तुझं 'हो' खोड."

तिने खोडलं. मग आम्ही दिवे लावले, जेवलो, ती मला बिलगून बसली. इतकी वर्षं स्वतःला दोष देताना जीव जळायचा. पण त्या चेनमुळे, त्या बाजारात, शेवटच्या क्षणी, मी बेनच्या जवळ होते असं वाटायचं. आता तो तिथे एकटाच आहे.