मावशीचा मासा

कल्पना कर हं... आडव्या टांगलेल्या काडीच्या एका टोकाला दोऱ्यानं लटकणारा एक पत्र्याचा मासा, तुझ्या मुठीत मावेल एवढा. त्याला कुणी हात लावलेला नाही. दुसऱ्या टोकाच्या कागदी माशांवर कुणी फुंकर घातली, म्हणून हा हलला. जरा उशिरा, पण हलला.

"मावशीनं शिकवलं!" लेक म्हणाली.

आई खांद्यावरची पिशवीही न उतरवता दारातच उभी राहिली. मावशीनं... या घरात चांगलं ते सारं मावशीनंच.

दोघी बहिणी एकाच बँकेत. आई थोरली, कर्जविभागात. धाकटी मुख्य कचेरीत, बाजारभावांच्या पडद्यासमोर. कर्जदाराचं तोंड तिनं कधी पाहिलेलं नाही, आणि तरी उन्हाळ्यात जेवताना ती सहज म्हणाली होती, "ताई, बाजारात व्याज चढतंय. तुझ्या बदलत्या व्याजाच्या कर्जदारांचे हप्ते वाढतील. छोटे कारखानदार आधी अडकतील, बघ."

"पडदे बघून माणसं कळत नाहीत, बाई. माझी माणसं मी ओळखते."

लेक मावशीकडे टक लावून बघत होती — आईला ते आधी खुपलं; शब्द कानात मागाहून शिरले.

आज बँकेत लेथचा छोटा कारखाना चालवणारा एक कर्जदार आईसमोर बसला होता. कधी हप्ता न चुकवणारा माणूस. "काम तेवढंच आहे मॅडम, हप्ता तेवढा राहिला नाही." बोलताना तो बोटांवरचं वंगण पुसत राहिला, ते निघत नव्हतं.

आणि वर साहेब! "तुमच्या बहिणीनं बरोबर हेरलं होतं हो. उरलेल्यांच्या कर्जाची मुदत वाढवायची तर हप्ते थकण्याआधीच. पुढे कोण अडकेल, विचारा ना त्यांना."

विचारा ना! साहेबांच्या बापाचं काय जातंय? लहानपणीही गणितं मी सोडवायची आणि शाबासकी हिला... छे, खोटं. गणितं तीच सोडवायची. मी तिच्या पाटीत डोकावायचे.

फोन हातात होता. नाही विचारलं, तर उद्या त्या खुर्चीत दुसरा कुणी बोटं पुसत बसेल. विचारलं, तर... धाकटी हसणारही नाही. तेच तर सहन होत नाही.

"या माशांत माझं काय आहे गं?" आईनं लेकीला विचारलं. आवाज लेकीहून लहान निघाला. उत्तराची वाट न बघता तिनं कपाटाची किल्ली काढली आणि कागदी माशांच्या टोकाला अडकवली. काडी धाडकन कलली. कागदी मासे खाली लोंबले, पत्र्याचा उंच उडाला.

आता काढेल ही... माझीच किल्ली काढेल.

लेकीनं दोन्ही टोकांकडे पाहिलं. काहीच काढलं नाही. स्टुलावर चढून तिनं काडी जिला टांगली होती ती वरची गाठ चिमटीत धरली आणि जीभ बाहेर काढून, हळूहळू, किल्लीच्या बाजूला सरकवू लागली; काडी पुन्हा सरळ होऊ लागली.