बाथरूमची कडी

बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. काल होती. आज तिच्या जागी स्क्रूची भोकं होती आणि खाली फरशीवर लाकडाचा भुगा.

खांद्यावरचा टॉवेल सावरत ती तशीच बाहेर आली. "कडी कुठंय?"

नवरा बाळाची दुपटी वाळत घालत होता. हातातलं दुपटं त्याने उगाच दोनदा झटकलं. "काढली."

"ते दिसतंय. का काढलीस?"

"काल तू आत बसून रडत होतीस. इतक्या हाका मारल्या, ओ दिली नाहीस. काही झालं असतं म्हणजे?"

"म्हणून दाराचं ऑपरेशन केलंस."

"मीच सांगितलं त्याला," बाळाला मांडीवर थोपटत सासूबाई म्हणाल्या. "घरात कोण परकं आहे? नुसतं लोटून घ्यायचं दार."

बाळाला घरात सगळे साहेब म्हणत. साहेब उठले, साहेबांनी शी केली, साहेब हसले. बाळंतपणाआधी ती पार्लरमध्ये काम करायची. बेसिनवर मान टेकली, डोक्यावर कोमट पाणी पडलं, की बायका डोळे मिटून मनातलं सगळं बोलून टाकत आणि ती फेस करता करता हूं हूं म्हणायची. आता तिच्याच केसांचा पार गुंता झाला होता. भेटायला येणारे तिच्या अंगावरून वाकून साहेबांना बघून जात. एका मावशीने तर बोलता बोलता बाळाची शाल तिच्या खांद्यावर अडकवली, खुंटीवर अडकवावी तशी.

दुपारी दवाखान्यातली सिस्टर आली. तिने साहेबांना वजनकाट्यात झोपवलं, बेंबी बघितली आणि मान वर न करताच विचारलं, "आई कशी आहे?"

"मस्त," नवरा म्हणाला.

"दूध भरपूर आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मी आईला विचारलं."

"मी बरी नाही, सिस्टर."

साहेबांना उचकी लागली.

"महिना झाला, सारखं रडू येतं. का, ते मला सांगता येत नाही. बाळ गोड आहे, नवरा दुपटी धुतो, आई रात्री उठतात. तरी येतं. रडायला एक जागा होती, तिची कडी यांनी काढून टाकली."

सिस्टरने स्टूल तिच्याजवळ ओढलं. "जिवाचं बरंवाईट करावं, बाळाला काही करावं, असं येतं मनात?"

"नाही. आलं तर लपवणार नाही. मला दार लावून केस धुवायचेत."

"बाळंतपणानंतर असं होतं पुष्कळ जणींना. पण तुझं लांबलंय. उद्या डॉक्टरांकडे ये, यावर उपचार आहेत."

"येईन. पण कडी आज पाहिजे."

"डॉक्टर काय म्हणतात ते बघू, मग—" नवऱ्याने सुरुवात केली.

"आधी कडी. हाक मारलीस तर ओ देईन, तेवढं कबूल. पण 'झालं का?' असं विचारायचं नाही. कशी आहेस, असं विचारायचं."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाई साहेबांचं टोपडं नीट करत होत्या. ते नीटच होतं.

"मला कुठली कडी," त्या म्हणाल्या. "मी भांडी घासताना रडायची. नळ मोठा सोडून."

"मला कधी बोलली नाहीस," नवरा म्हणाला.

"तेव्हा तू साहेब होतास."

त्या उठल्या, कपाटातून आपला बटणांचा डबा काढला. कडी त्यातच होती, स्क्रूसकट. "घे. घट्ट बसव."

जुनी भोकं सैल झाली होती, म्हणून त्याने कडी थोडी खाली बसवली. तिने आत जाऊन कडी लावली, काढली, परत लावली. मग बादलीत कोमट पाणी घेऊन डोक्यावर पहिला तांब्या ओतला.

बाहेर साहेबांनी सूर लावला. पावलं दाराशी येऊन थांबली.

"झालं—"

"नीट विचार," सासूबाईंचा आवाज आला.

"कशी आहेस?"

"रडतेय," ती आतून म्हणाली. "चाललंय छान."

पावलं मागे फिरली. साहेबांचा आवाज खांद्यावर बसून लांब लांब गेला. तिने हातावर आणखी शाम्पू घेतला आणि बेसिनवर मान टेकलेल्या बायकांचं चोळायची तसं, सावकाश, आपलं डोकं चोळायला लागली.