ओव्हरमॉरोची आगारी

साक्रीचे सुकदेवनाना छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि नको त्या नादाला लागले. रद्दीतून आणलेल्या जाडजूड डिक्शनरीत ते इंग्रजांनी टाकून दिलेले शब्द शोधत बसत. त्यातला लाडका 'ओव्हरमॉरो'. म्हणजे परवा. इतका सुटसुटीत शब्द सोडून ही माणसं 'उद्याच्या नंतरचा दिवस' असं लांबण लावतात, याचं नानांना मनापासून वाईट वाटे. मरण्याआधी तो कुणाच्या तरी तोंडून सहज निघालेला ऐकावा, एवढीच इच्छा उरली होती.

पण बोलणार कोण? गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांनी आशा सोडली. पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आजोबांचा झाला, वडिलांचा झाला, आणि नानांनी आणखी एक घास टाकला, ओव्हरमॉरोच्या नावानं. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला. सासऱ्यांच्या पंगतीला गोऱ्यांचा शब्द बसवला, घर बाटवलं की हो! नाना मात्र डोळे पुसत उठले.

जूनमध्ये त्यांची नात दिपमाला धुळ्याच्या एका शाळेत मुलाखतीला गेली. कधी रुजू होणार, असं विचारल्यावर घाबरलेल्या पोरीच्या तोंडून निघून गेलं, "ओव्हरमॉरो, सर." मुख्याध्यापक धनसिंग सरांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी इंग्रजीच्या बाईंकडे, बाईंनी छताकडे. खुर्चीत बसून 'मला येत नाही' म्हणायची आपल्याकडे रीत नाही. तिघांनी माना डोलावल्या. पोरगी परवा हजर झाली तेव्हा अर्थ कळला, आणि तो आधीपासूनच माहीत होता हे दाखवायला तिघंही येताजाता तोच शब्द वापरू लागले.

दिपमालानं हे फोनवर सांगितलं, तर नाना म्हणाले, म्हाताऱ्याचं मन राखतेस. दिवाळीला घरी आलेली ती फराळाचा डबा विसरून गेली, तो घेऊन ते स्वतः धुळ्याला शाळेत गेले. गेटवर शिपाई रतिलाल तंबाखू मळत होता. त्यानं वर न बघताच सांगून टाकलं, "सर नाहीत बाबा. ओव्हरमॉरो या."

नाना तिथंच स्टुलावर बसले. आणखी एकदा म्हणा भाऊ, असं त्यांनी त्याला हात जोडून विनवलं.

यंदाच्या आखाजीला निखारे फुलले, नावं झाली. यशोदाबाईंनी नाक मुरडतच शेवटचा घास पुढे केला आणि तुमच्या त्या गोऱ्याचाही टाकून घ्या म्हणाल्या. नानांनी त्यांचा हात धरला.

"तेन्हं नाव लेऊ नको," ते म्हणाले. "तो जित्ता शे."

आणि तो घास त्यांनी स्वतःच खाल्ला.