एंटरचं झिजलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाला चीर गेली आहे, एक बिजागरी कुरकुरते आणि एंटरचं बटण इतकं झिजलं आहे की त्यावरची खूण केव्हाच उडून गेली. बाकीची बटणं तशी ठीक आहेत. हे एकच का झिजलं, ते आज सांगतो.

कारखान्यातून निघाल्यावर माझ्या भावंडांपैकी कुणाला घर मिळालं, कुणाला शाळा मिळाली. मला मिळाली तिसऱ्या मजल्यावरची चाचणीची खोली. खिडकीला लागून एक लांब टेबल आणि त्यावर वायरींच्या गुंत्यात मी. तिथली माणसं ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. ती नसली तर आम्ही नुसते डबे. ती आमच्यावर चढवायला इन्स्टॉलर नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. तो पेन ड्राइव्हमधून यायचा, चार प्रश्न विचारायचा, माझी डिस्क पुसायचा आणि नवी सिस्टिम बसवायचा. हे दिवसातून आठ-दहा वेळा चालायचं. माझ्या पोटात काही टिकायचंच नाही.

जुन्या इन्स्टॉलरमध्ये अकरा पडदे होते, म्हणजे एकामागून एक येणारे अकरा स्क्रीन. पाचव्या-सहाव्या पडद्याशी लोक हात टेकायचे. म्हणून सगळं नव्याने मांडायचं ठरलं. मांडणी करणाऱ्याला सगळे ‘सुबक’ म्हणत, कारण “सुबक दिसलं पाहिजे” हे त्याचं पालुपद. त्याने पडदे आधी कागदावर काढले, भिंतीवर चिकटवले, खोडले, पुन्हा काढले आणि अकराचे चार केले. ते माझ्यावर चालवून पाहायची ‘चाळणी’. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही म्हणून हे नाव, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

एकदा ती वैतागली. “दर वेळी ‘सगळी डिस्क पुसा’वर जायचं, ते निवडायचं, मग पुढे. माझा हात दुखतो रे! तेच आधीपासून निवडून ठेव ना. नुसतं एंटर मारलं की झालं पाहिजे.”

“ठेवतो की. दिसायलाही सुटसुटीत,” सुबक म्हणाला.

झालं. एंटर, एंटर, एंटर, एंटर. ती माझ्याकडे न बघता शेजारणीशी गप्पा मारत ते बटण दाबायची. माझ्यात पुसण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

नवा इन्स्टॉलर जगाला देण्याआधी बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचा होता. चाळणीने आपल्या आत्याला बोलावलं. आत्या शिवणकाम करायची. गेल्या बावीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांची मापं तिने कॉम्प्युटरवर टिपली होती. तो कॉम्प्युटर बंद पडला आणि मापं एका पेन ड्राइव्हवर तेवढी उरली. चाळणीने ती माझ्यात घेतली. जुन्या फायली राखून नवी सिस्टिम बसवणं आत्याला जमतं का, हे बघायचं होतं. तेवढ्यात इन्स्टॉलरसाठी पेन ड्राइव्ह हवा झाला. ऑफिसातले सगळे अडकलेले, आत्याचा हाताशी. मापं तर माझ्यात आलीच होती. चाळणीने त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉलर चढवला. तसं केलं की ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, हे तिला पाठ होतं. पण पुसणं हा तिथला रोजचा उद्योग होता.

आत्या चष्मा सावरून बसली. चाचणी देणाऱ्याला मदत करायची नाही, असा त्यांचा नियम. सुबक आणि चाळणी मागे उभे राहिले.

“हे बटण बघ किती झिजलंय,” आत्या म्हणाली. “म्हणजे सगळे हेच दाबत असणार.”

तिने दाबलं. पुन्हा दाबलं. तिसरा पडदा आला तो पुसण्याचा. तिथेही तिने दाबलं.

“आत्या, थांब!” चाळणी ओरडली. पण तोवर मी पुसला जाऊ लागलो होतो.

“काय झालं गं? माझी मापं आहेत ना?”

“गेली.”

“मग ड्राइव्हवरची घे.”

“त्याच ड्राइव्हवर मी इन्स्टॉलर चढवला, आत्या. तीही गेली.”

“दादाचंही माप त्यातच होतं गं,” आत्या म्हणाली.

दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, चाळणीचे बाबा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आत्या ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “आम्ही कापड कापण्याआधी दोनदा मापतो. तुम्ही माणसाच्या हातात आधी कात्रीच देता होय?”

दोन दिवस त्यांनी माझी डिस्क चाचपली. काही हाती लागलं नाही. मला फार वाईट वाटलं. हजार वेळा पुसला गेलो, पण काहीतरी हरवलं ते त्या एकदाच.

सुबकने चाराचे पाच पडदे केले. डिस्कवर काय आहे, किती फायली आहेत, हे आधी दिसू लागलं. आधीपासून काहीच निवडलेलं नसे आणि पुसायचं तर ‘पुसा’ हा शब्द स्वतः टाइप करावा लागे. त्या आठवड्यात त्याने ‘सुबक’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. पुढच्या चाचणीला एक पोस्टमन आला. त्यानेही माझं झिजलेलं बटण पाहून एंटर मारलं. काहीच झालं नाही. मग त्याने पडदा वाचला आणि त्याच्या फायली राहिल्या.

पुढे मी खोलीतून निघालो आणि आत्याच्या दुकानात आलो. चाळणी दर रविवारी यायची, गळ्यात टेप अडकवून गिऱ्हाइकांची मापं पुन्हा घ्यायची. काही जण कुरकुरले, पण आले. एका रविवारी तिने पिशवीतून एक जुना शर्ट काढला.

“बाबांचा. आईने ठेवला होता.”

आत्याने तो टेबलावर पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या आणि टेप लावला. “गळा साडेपंधरा,” ती म्हणाली. मग कॉलर बोटांनी चाचपली. “नाही. धुऊन धुऊन कापड आटलंय. सोळा घाल. दादाला गळ्याशी घट्ट चालायचं नाही.”

चाळणीने सोळा घातले. ‘साठवायचं का?’ असं मी विचारलं. तिने ती एवढीशी ओळ दोनदा वाचली, मग एंटर दाबलं. लगेच एका पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत काढून तो आत्याच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली ठेवला.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणंही तेवढंच आहे. माझ्यासारख्याचं बटण कितीही झिजलेलं दिसो, आत कुणाचं काय आहे ते आधी वाचा. दादाचं माप पुन्हा घ्यायला आमच्याकडे एकच शर्ट उरला होता.