डेल्फियाची पट्टी

गळ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, तरी डेल्फिया स्टर्जिलचा हट्ट कायम होता. आठवी रेकॉर्ड करायची तर पहिल्या सातांच्याच उंच पट्टीत, नाहीतर गाणं कायमचं बंद. केंटकीच्या त्या डोंगरात गाणारीची पट्टी म्हणजे तिची अब्रू. लोक नवऱ्याचं नाव विसरतील, पण पट्टी विसरायचे नाहीत, असली ही माणसं!

चर्चच्या मागच्या खोलीत मधोमध एकच माइक होता. त्याच्याभोवती डेल्फिया, तीस वर्षं तिला बँजोवर साथ करणारा ऑर्बिन आणि फिडलवाला क्लेल. ज्याची पाळी त्याने पुढे सरकायचं, झाली की मागे व्हायचं. सकाळपासून डेल्फिया चारदा पुढे सरकली आणि चारही वेळा वरच्या सुराला आवाज फाटला.

"शेवटचं एकदा," ती म्हणाली. "नाही जमलं तर गाशा गुंडाळा."

"आधी मक्याचा पाव खा बाई," क्लेल म्हणाला. "उपाशीपोटी कसला सूर लागतोय!"

"तुला खाण्याशिवाय काही सुचतं का रे?" म्हणत ती पाणी प्यायला बाहेर गेली.

तेवढ्यात ऑर्बिनने बँजोच्या मानेवरचा, पट्टी ठरवणारा चिमटा दोन पडदे खाली सरकवला आणि पाचवी तारही तेवढीच ढिली केली; गाण्याची पट्टी गुपचूप उतरली.

"जिवंत सोडणार नाही ती आपल्याला," क्लेल कुजबुजला.

"नाही तर नाही. गाईल तरी."

पाचव्यांदा डेल्फिया गायली. आवाज पूर्वीसारखा धारदार नव्हता, पण भरलेला होता, आणि कुठेही फाटला नाही. गाणं संपल्यावर ऑर्बिनला डोळे पुसावे लागले.

"बघ, लागला की नाही सूर!" तो म्हणाला.

"ऑपरेशन गळ्याचं झालं होतं मेल्या, कानाचं नाही. पहिल्या झणत्कारालाच कळलं मला."

दोघांचे चेहरे खर्रकन उतरले.

"मग थांबली का नाहीस?" क्लेलने विचारलं.

"वर्षभर वाटत होतं, तुम्हाला ती जुनी डेल्फियाच हवी आहे," डेल्फिया म्हणाली. "तुम्ही तर माझ्यासाठी चोऱ्या करायला लागलात."

मग ती ऑर्बिनकडे वळली.

"आता तो चिमटा काढूनच टाक, म्हाताऱ्या, पट्टी आणखी उतरू दे. माझ्यासमोर."