सरळ उभं राहून

१९६१ साली, जपानात, भातलावणी उरकल्यावर आमच्या गावच्या बायकांची सहल आमानोहाशिदातेला गेली. डोंगरावर पोचेपर्यंत सगळ्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. खाली समुद्रातून वाळूची, पाइनच्या झाडांची लांब वाट गेलेली. तिच्याकडे पाठ करून, वाकून आपल्याच पायांमधून बघायचं, म्हणजे ती आभाळात चढताना दिसते, अशी तिथली रीत.

माझ्या सासूबाई लावणी करकरून कमरेतून कायमच्या वाकल्या होत्या.

"तोमेआजी, तुम्हाला वेगळं वाकायला नको," शेजारची हारुए म्हणाली. सगळ्या हसल्या, सासूबाईही. मग मला हळूच म्हणाल्या, "सूनबाई, जन्मभर वाकूनच बघत आले. इथे मला सरळ उभं राहून बघायचंय. त्यासाठीच आले."

"आई, कंबर मोडेल."

"मोडायची काय राहिलीय?"

मी दमले होते, तरी मागून त्यांच्या काखेत हात घातले. हारुएने पुढून खांदे रेटले. सासूबाई कण्हत कण्हत वर आल्या. भोवती सगळ्या बायका वाकलेल्या, आणि त्या एकट्या उभ्या. त्या माझ्याहून उंच आहेत हे मला तेव्हा कळलं.

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरे. सोड आता."

पुढच्या लावणीआधी सासूबाई गेल्या. हारुए ओसाकाला मुलाकडे गेली, तिथेच वारली. माझीही कंबर आता वाकलीय. नात म्हणते, आजी, चल ना आमानोहाशिदातेला. मी बघू म्हणते. मला धरायला दोघी लागतील.